रानातल्या अळंबीचा नमुना: खुडण्यापासून पाकिटापर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे: रानात सापडलेल्या अळंब्या वाळवून डब्यात भरून ठेवल्या. काहींना दोन महिन्यांत बुरशी आली, काही काळ्या पडून एकमेकींना चिकटल्या, आणि ज्या चांगल्या राहिल्या त्या संग्रहालयाने ‘नोंदी अपुऱ्या’ म्हणून परत केल्या. वैज्ञानिक संग्रहात कायमचा राहील असा नमुना करायचा तरी कसा?

वाळलेली अळंबी हा अर्धाच नमुना असतो. वाळताना रंग जातो, वास जातो, टोपीचा चिकटपणा जातो, काही अळंब्यांतून चिरल्यावर पाझरणारं दूध आटतं, आकार आक्रसतो. मागे उरतात बीजाणू, पेशींची रचना आणि डीएनए. म्हणून कामाची विभागणी सरळ आहे. वाळल्यावर जे नाहीसं होणार ते ताज्या अळंबीवरून लिहून आणि छायाचित्रात घ्यायचं, आणि जे उरायला हवं ते नासायच्या आत झटपट वाळवायचं. संग्रहालयाने परत केलेल्या नमुन्यांत पहिलं राहून गेलं, बुरशी आलेल्यांत दुसरं. खालची प्रत्येक पायरी ‘आता आधी काय नासणार आहे?’ या एकाच प्रश्नावर ठरते.

रानात शिरण्याआधी परवानगी घ्या. संरक्षित वनात किंवा खासगी जमिनीवर गोळा केलेल्या नमुन्याला लेखी परवानगी नसेल, तर जबाबदार संस्था तो दाखल करून घेत नाही. नमुना किंवा त्याचा डीएनए दुसऱ्या देशात पाठवायचा असेल तर २०१४ पासून लागू असलेल्या नागोया कराराच्या (जैविक संसाधनांचा वापर आणि त्यातून होणाऱ्या लाभाची वाटणी यांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार) अटी आणि त्या त्या देशाचे जैवविविधता कायदे आडवे येतात. परवान्याचा क्रमांक नोंदवहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढे तो लेबलवर लागतो.

अळंबी दिसली की हात लावण्याआधी फोटो काढा. निदान चार हवेत: आजूबाजूच्या परिसरासकट एक, बाजूने जमिनीलगत एक, टोपीचा वरून एक, आणि उपटल्यावर खालच्या बाजूचा, म्हणजे कल्ले (टोपीखालच्या पातळ पाती) किंवा रंध्रं आणि देठाचा तळ स्पष्ट दिसेल असा एक. मोजपट्टी प्रत्येक चौकटीत असू द्या. सोबत राखाडी रंगाचं कार्ड ठेवलं तर नंतर रंगाचा समतोल साधता येतो. दाट झाडीत सगळ्यावर हिरवट छटा येते, आणि मोबाइलचा कॅमेरा ती ‘सुधारताना’ तपकिरीचं लाल करून टाकतो. फ्लॅशने चिकट टोपीवर पांढरे डाग पडतात, त्यामुळे तो टाळावा. उभी चिरलेली अळंबी कापल्या कापल्या एकदा आणि दहा मिनिटांनी पुन्हा टिपली, तर मांसाच्या रंगबदलाचा पुरावा हाती राहतो.

अळंबी ओढून काढू नका. देठापासून दोन-तीन बोटं लांब खुरपं किंवा मजबूत सुरी तिरकी घाला आणि मातीच्या ढेकळासकट उचला, मग माती हलकेच झाडा. ओळखीच्या निम्म्या खुणा मातीखाली असतात. अमॅनिटा वंशातल्या अळंबीच्या तळाशी असलेला व्होल्वा, म्हणजे अंड्याच्या फुटलेल्या कवचासारखी पिशवी, मातीतच राहिला तर तो नमुना कोणत्या गटातला हेही नक्की सांगता येत नाही. टर्मिटोमायसिसचा देठ मुळासारखा निमुळता होत थेट वारुळात वाळवीने जोपासलेल्या बुरशीच्या बागेपर्यंत जातो, तो मध्येच तुटला की जातीनिश्चितीची मोठी खूण हातची जाते. कॉर्डिसेप्सच्या गटात तर खाली मेलेला किडा किंवा अळी असते. ती नसेल तर नमुना लंगडा. लाकडावरच्या अळंबीसोबत लाकडाचा पातळ तुकडा सालीसकट घ्या, पानांवरची असेल तर ते पानही घ्या.

किती घ्यायच्या? शक्य असेल तर तीन ते दहा, आणि निरनिराळ्या वयाच्या. कळीच्या अवस्थेत कल्ले झाकणारा पडदा आणि देठावरचं वलय अखंड दिसतं, पूर्ण उमललेल्या अळंबीत बीजाणू पिकलेले असतात. दोन्हींपैकी एकावर भागत नाही. एकच सापडली तर तीही घ्या, उभी चिरा आणि दोन्ही अर्धे वाळवा. सडलेली, अळ्यांनी पोखरलेली किंवा वर दुसरी बुरशी चढलेली मात्र सोडून द्या. तिच्यातून डीएनए काढला तर तो बहुधा त्या दुसऱ्या बुरशीचाच मिळतो. (ट्रायकोडर्मा किंवा हायपोमायसिस या अळंबीवर वाढणाऱ्या बुरशींचाच अभ्यास असेल तर गोष्ट वेगळी.)

यातला सगळ्यात कडक नियम असा: एका क्रमांकाखाली एका जागी, एका वेळी सापडलेली, एकाच जातीची अळंबी. वीस पावलांवर तशीच दिसणारी दुसरी झुंड असेल तर तिला नवा क्रमांक. दिसायला हुबेहूब पण प्रत्यक्षात वेगळ्या जाती शेजारी-शेजारी उगवतात, विशेषतः रसुला, कॉर्टिनॅरियस आणि इनोसायबी या गटांत. दोन जाती एका पाकिटात गेल्या तर बीजाणूंची मापं एकीची आणि डीएनए दुसरीचा असं होतं, आणि ही चूक पुढे कित्येक वर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. नव्या जातीचा आधारनमुना, म्हणजे तिचं नाव ज्याला कायमचं जोडलं जातं तो नमुना, एकाच संकलनातला असावा असा नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेचा नियम आहे. भेसळ झालेलं संकलन आधारनमुना म्हणून पुढे आलं तर नाव नेमकं कुणाला लागू, यावर वाद उभे राहतात. शंका आली तर दोन क्रमांक द्या. दोन पाकिटं नंतर एक ठरवता येतात, एकातली दोन वेगळी करणं मात्र बऱ्याचदा अशक्य असतं.

क्रमांक तुमच्या नावाचा आणि आयुष्यभर चालणारा ठेवा. दर वर्षी एकपासून सुरुवात करू नका. आद्याक्षरं आणि पुढे चढता आकडा, एवढं पुरे. वापरलेला आकडा पुन्हा कधी वापरायचा नाही, नमुना फेकून दिला तरी. रानातच कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलने क्रमांक लिहा. बॉलपेन आणि जेलपेनची शाई ओलाव्यात पसरते. ही चिठ्ठी टोपलीत, टेबलावर, ड्रायरच्या जाळीवर आणि शेवटी पाकिटात अळंबीसोबतच फिरते. चिठ्ठी आणि अळंबीची ताटातूट बहुतेक वेळा ड्रायरच्या पंख्यामुळे होते. चिठ्ठी देठाला दोऱ्याने बांधा किंवा जाळीत अडकवा.

वाहून नेताना प्लास्टिकची पिशवी नको. ताज्या अळंबीत साधारण ९० टक्के पाणी असतं आणि खुडल्यावरही तिचा श्वास चालू असतो. बंद पिशवीत वाफ साठते, ऊब वाढते आणि दोन-तीन तासांत टोपी बुळबुळीत होते. पसरट टोपली, कप्प्यांचा डबा, मेणकागद किंवा ॲल्युमिनियम फॉइलची सैल पुरचुंडी, यांतलं काहीही चालतं. जड बोलेट (कल्ल्यांऐवजी रंध्रं असलेल्या मांसल अळंब्या) तळाशी, नाजूक वर. मायसिनासारख्या टिचभर अळंब्या ओल्या शेवाळाच्या तुकड्यासोबत छोट्या डबीत ठेवल्या तर घरी पोचेपर्यंत ताज्या राहतात.

जागेची नोंद तिथेच करायची. अक्षांश-रेखांश दशांश अंशांत लिहा आणि कोणत्या पद्धतीचे (बहुतेक उपकरणांत डब्ल्यूजीएस ८४) तेही लिहा. पाच दशांश स्थळं म्हणजे साधारण एका मीटरची सूक्ष्मता. झाडीखाली मोबाइल तेवढा अचूक नसतो, म्हणून ‘± १५ मीटर’ अशी त्रुटीही नोंदवा. समुद्रसपाटीपासूनची उंची लिहा. उपकरण चुकलं तरी जागा सापडावी म्हणून गाव, रस्ता, ओढा असं शब्दांतलं वर्णनही हवंच. अधिवास लिहिताना ‘मिश्र जंगल’ या शब्दांनी काहीच कळत नाही. अळंबी कशावर आहे (माती, पालापाचोळा, उभं झाड, पडलेलं खोड, शेण, शेवाळ) आणि लाकूड असेल तर कोणत्या झाडाचं, हे लिहा. जमिनीवरची असेल तर १०-१५ मीटरच्या टापूतली झाडं नावानिशी नोंदवा. अनेक अळंब्या विशिष्ट झाडांच्या मुळांशी सहजीवन करतात, आणि यजमान झाड कळलं की संभाव्य जातींची यादी निम्म्याहून कमी होते. झाड ओळखता येत नसेल तर त्याची पानाफळांसह फांदी दाबून ठेवा.

परतल्यावर टेबलावर काय आधी घ्यायचं? शाईछत्र्या, म्हणजे कॉप्रिनस आणि तिच्या सोयऱ्या, सर्वांत आधी. त्या स्वतःच्याच विकरांनी विरघळून काही तासांत काळं पाणी होतात. त्यांच्या पाठोपाठ टिचभर, पातळ टोपीच्या. मग बोलेट, कारण बाहेरून टणक दिसणाऱ्या बोलेटमध्ये अळ्या रात्रभरात देठाचा भुगा करतात. त्यानंतर बाकी कल्लेवाल्या. कडक, लाकडी फळ्यांसारख्या पॉलिपोर सकाळपर्यंत थांबतात. थांबवायचीच वेळ आली तर कागदात गुंडाळून ४ अंश सेल्सिअसला, साध्या फ्रिजमध्ये, फार तर एक रात्र. ताजी अळंबी फ्रीझरमध्ये कधीही नको. बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात आणि वितळल्यावर लगदा हाती येतो.

आता वर्णन. अनुभवी माणूसही इथेच घाई करतो, आणि संग्रहालयाला नेमकं हेच पान हवं असतं. टोपीचा व्यास, आकार, कडा आत वळलेली की सरळ, रेघाळ की गुळगुळीत. पृष्ठभाग कोरडा, मखमली, खवलेदार की चिकट. चिकटपणा ओठाला टेकवून कळतो, वाळत आलेल्या टोपीवर थेंबभर पाणी टाकूनही तपासता येतो. टोपी ओली असताना गडद आणि सुकताना मध्यापासून फिकट होत जाते का, ते बघा. हा गुण कित्येक वंशांत निर्णायक असतो आणि तासाभरात संपतो. रंग ‘तपकिरी’ एवढाच लिहू नका. मुन्सेलसारखा रंगतक्ता असेल तर सावलीतल्या दिवसाच्या उजेडात त्याचा सांकेतिक क्रमांक द्या. नसेल तर निदान ‘मध्यभागी गडद, कडेला फिकट, पिवळसर झाक’ इतकं तरी.

कल्ले भिंगाखाली पाहा. अळंबी देठासकट उभी मधोमध चिरा आणि कल्ला देठाला कुठे भेटतो ते चिरलेल्या कडेवर बघा: देठापासून सुटलेला, नुसता टेकलेला, रुंद चिकटलेला, खाच घेऊन मग चिकटलेला, की देठावरून खाली उतरलेला. मग कल्ल्यांची दाटी, दोन लांब कल्ल्यांमधले आखूड कल्ले, आणि कल्ल्याची धार. धार बाजूंच्याच रंगाची आहे की वेगळी, सरळ की दातेरी? धार पांढुरकी, झालरीसारखी दिसली तर तिथे विशेष वंध्य पेशी असण्याची शक्यता मोठी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली कुठे बघायचं तेही इथेच कळतं. देठाची लांबी, वरची आणि खालची जाडी, आतून पोकळ की भरीव, मोडताना तंतू निघतात की खडूसारखा तुटतो (रसुला आणि लॅक्टेरियसमध्ये खडूसारखा), वलय, व्होल्वा, तळाच्या तंतूंचा रंग. लॅक्टेरियसचं दूध पांढऱ्या कागदावर टिपून त्याचा रंग लगेच, पाच मिनिटांनी आणि अर्ध्या तासाने लिहा. जखम झालेल्या जागी निळा, लाल, काळा रंग येतो का, आणि किती सेकंदांत, तेही लिहा.

वास घेण्यासाठी छोटा तुकडा बोटांत चिरडा. ‘अळंबीसारखा’ असं लिहिण्यापेक्षा पीठ, मुळा, बदाम, मासळी, ब्लीचिंग पावडर अशी ओळखीची उपमा लिहा. चव मात्र फक्त रसुला-लॅक्टेरियस नक्की ओळखता येणाऱ्यांनीच पाहावी, तीही जिभेच्या टोकावर कणभर, आणि सगळं थुंकून टाकावं. अमॅनिटा, गॅलेरिना, लेपिओटा या विषारी जाती असलेल्या वंशांच्या जवळपास शंका असेल तर चवीचा रकाना कोरा ठेवा. हाताळण्याने विषबाधा होत नाही, पण हात धुऊनच जेवायला बसावं.

रासायनिक चाचण्या टोपीच्या एका कापलेल्या तुकड्यावर करा आणि तो तुकडा फेकून द्या, नमुन्यात परत घालू नका. ३ ते ५ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड, अमोनिया, आणि रसुलांसाठी १० टक्के फेरस सल्फेट, एवढ्यावर बरंच भागतं.

बीजाणूंचा ठसा शक्य तेव्हा घ्याच. पिकलेल्या अळंबीची टोपी देठापासून कापून कल्ले खाली करून ॲल्युमिनियम फॉइलवर किंवा काचेवर ठेवा, वर पाण्याचा एक थेंब टाका आणि पेला उपडा घाला म्हणजे वाऱ्याने बीजाणू उडत नाहीत. चार ते बारा तास लागतात. कागदावर घ्यायचा तर अर्धा पांढरा, अर्धा काळा घ्या, नाहीतर पांढरा ठसा पांढऱ्या कागदावर दिसतच नाही. मला फॉइल जास्त सोयीची वाटते: ठसा आत ठेवून घडी घालता येते आणि नंतर पात्याने बीजाणू खरवडून घेता येतात. कल्ल्यांच्या रंगावरून ठशाचा अंदाज बांधू नका. क्लोरोफायलम मॉलिब्डायटिसचे कल्ले कोवळेपणी पांढरे असतात आणि ठसा हिरवट पडतो. ही विषारी जात खाण्याजोग्या छत्र्यांत मिसळते ती याच फसगतीमुळे. ठशाचा दुसरा उपयोग सूक्ष्मदर्शकाखाली होतो. ठशात पडलेले बीजाणू पिकलेलेच असतात. कल्ल्यातून खरवडलेल्यांत कच्चे मिसळतात आणि मापं लहान निघतात. एकच अळंबी असेल तर अर्ध्या टोपीचा ठसा घ्या, उरलेली लगेच ड्रायरमध्ये टाका. ठसा उतरवलेली टोपीही वाळवायचीच.

डीएनएसाठी वेगळा तुकडा ठेवायचा तर वाळवण्याआधी घ्या. टोपी हाताने फोडून आतलं मांस उघडं करा, ज्योतीवर तापवून गार केलेल्या चिमट्याने तीन-चार मिलिमीटरचा तुकडा आतून उचला. पृष्ठभागावर आणि कल्ल्यांवर दुसऱ्या अळंब्यांचे बीजाणू, जिवाणू, यीस्ट बसलेले असतात, म्हणून आतलं मांसच घ्यायचं. तुकडा सच्छिद्र कागदाच्या पुडीत घालून त्याच्या वजनाच्या किमान दहापट सिलिका जेलमध्ये ठेवा किंवा २ टक्के सीटॅब या डीएनए टिकवणाऱ्या द्रावणाच्या नळीत बुडवा. त्यात तो खोलीच्या तापमानालाही अनेक महिने टिकतो. फॉर्मॅलिन अजिबात नको. आकार टिकतो, पण डीएनए तुटतो आणि प्रथिनांशी जखडला जातो. आयटीएस हा डीएनएचा भाग २०१२ मध्ये कवकांचा अधिकृत बारकोड म्हणून सुचवला गेला, आणि आज बहुतेक ओळख त्यावरून पक्की होते. त्यामुळे चांगला डीएनए असलेल्या नमुन्याला दुप्पट मोल आहे. नीट वाळवलेल्या अळंबीतूनही तो मिळतो, वेगळा तुकडा ही खात्रीची जोड आहे.

वाळवण्यासाठी सर्वांत चांगलं साधन म्हणजे जाळ्यांचा, पंखा असलेला, तापमान नेमता येणारा डिहायड्रेटर. ४० ते ४५ अंश सेल्सिअस ठेवा. याहून कमी ठेवलं आणि हवा दमट असली, तर वाळण्याआधीच कुजणं सुरू होतं. ६० च्या वर नेलं तर दोन गोष्टी बिघडतात. बाहेरचा थर कडक होऊन आतला ओलावा कोंडतो, वरून खणखणीत दिसणारी अळंबी आतून ओलीच राहते, आणि ‘दोन महिन्यांत बुरशी’ ही तक्रार बहुधा इथूनच येते. शिवाय अळंबी चक्क शिजते: पेशी कोसळतात, पुन्हा भिजवल्यावर फुगत नाहीत, सूक्ष्मदर्शकाखाली एकसंध गोळा दिसतो. घरातला ओव्हन कमीत कमी तापमानालाही बहुधा याहून गरम असतो. मायक्रोवेव्हचा विचारही नको. उन्हात वाळवणंही बेभरवशाचं. वेळ लागतो, माश्या अंडी घालतात, आणि ढग आले की सगळं थांबतं.

हवा खेळती असणं हे तापमानाइतकंच महत्त्वाचं. अळंब्या एकमेकींना चिकटू न देता एका थरात मांडा. मोठ्या आणि मांसल अळंब्या उभ्या चिरा, जाड बोलेटच्या एक सेंटिमीटर जाडीच्या उभ्या चकत्या करा, पण टोपी ते तळ असा पूर्ण छेद एका तरी चकतीत अखंड राहू द्या. दोन क्रमांकांमध्ये मोकळी जागा ठेवा. बीजाणू उडणाऱ्या पिकलेल्या अळंब्या सच्छिद्र कागदाच्या पाकिटात घालूनच वाळवा, नाहीतर एकीचे बीजाणू दुसरीवर बसतात. लहान अळंब्यांना सहा ते आठ तास, मध्यम आकाराच्यांना १२ ते २४, जाड बोलेट आणि पॉलिपोरांना दोन दिवस लागू शकतात. हे आकडे अंदाजाचे आहेत, खरी कसोटी देठाच्या सर्वांत जाड भागावर घ्यायची: तो काटकीसारखा कट्‌कन मोडला पाहिजे. चामड्यासारखा वाकला तर परत आत. वीज नसेल तर लहान अळंब्यांसाठी सिलिका जेलचा घट्ट डबा चालतो. त्यातही अळंबी जेलला थेट टेकू नये, मध्ये कागद हवा, आणि रंग बदललेलं जेल लगेच बदलायचं. नमुन्यांचा ड्रायर पुन्हा खाण्याच्या वस्तूंसाठी वापरायचा नाही, आणि तो हवेशीर खोलीत ठेवायचा. बीजाणूंच्या धुळीने दमा आणि ॲलर्जी बळावते.

ड्रायरमधून काढलेली अळंबी दमट हवेत तासाभरातच नरम पडू लागते. म्हणून जाळीवरून थेट झिपच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसह आणि तिच्या चिठ्ठीसह टाका. ‘सावकाश भरू’ म्हणून ताटात ठेवलेले नमुने रात्रभरात पुन्हा ओलावतात आणि तसेच पाकिटात जातात. बुरशी येण्याचं हे दुसरं नेहमीचं कारण.

काही गटांना वेगळी वागणूक लागते. जेलीसारख्या अळंब्या वाळून कागदाला अशा चिकटतात की सुटतच नाहीत. त्या मेणकागदावर वाळवा, आणि ताजी मापं घेतल्याशिवाय तर वाळवूच नका, कारण मागे पातळ पापुद्रा उरतो. फॅलसच्या गटात टोकावरचा दुर्गंधी चिखल हा बीजाणूंचाच भाग आहे, तो धुऊ नका. जवळपास न उमललेलं ‘अंडं’ असेल तर तेही घ्या आणि मधोमध चिरून वाळवा. पफबॉलमध्ये कच्चा पांढऱ्या गाभ्याचा आणि पिकलेला भुकटीचा, दोन्ही हवेत, पिकलेला वेगळ्या पुडीत. मोठ्या पॉलिपोरची आख्खी फळी नेण्यापेक्षा लाकडाला चिकटलेल्या जागेपासून कडेपर्यंतची पाचर काढा, म्हणजे वरचा थर, मांस आणि रंध्रं सगळं एका तुकड्यात येतं. कप-कवकांचे, म्हणजे पेझायझासारख्यांचे, बीजाणू ताजेपणीच काचपट्टीवर झेलून ठेवा. त्यांच्या बीजाणू धरणाऱ्या पिशव्या आणि बीजाणूंतले तेलाचे थेंब वाळल्यावर पूर्वीसारखे दिसत नाहीत.

वाळलेल्या नमुन्याचा खरा शत्रू किडा. सिगारेट बीटल आणि ड्रगस्टोअर बीटल वाळलेली अळंबी आवडीने खातात, आणि पॉलिपोरमध्ये तर किड्यांची अंडी मूळचीच असतात. उपाय गोठवण्याचा: नमुना पूर्ण वाळलेला आणि पिशवी घट्ट बंद अशा स्थितीत उणे २० अंशांना किमान एक आठवडा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका. थंड नमुन्यावर हवेतलं पाणी जमतं आणि वाळवण्याची सगळी मेहनत वाया जाते. पॉलिपोरांना ही फेरी दोनदा द्यावी असं मी म्हणेन. डांबरगोळ्यांवर विसंबू नका. त्यांचा वास माणसाला अपायकारक आहे आणि त्याने किडे मरतीलच असं नाही. जुने नमुने हाताळताना हातमोजे घाला, कारण पूर्वी किड्यांसाठी मर्क्युरिक क्लोराइड सर्रास वापरत आणि तो पारा पाकिटावर अजून असतो.

वनस्पतीसारखं दाबून शीटवर चिकटवणं अळंबीला चालत नाही, सगळी मोडतोड होते. आम्लविरहित कागदाचं घडीचं पाकीट करा आणि मोठे, ठिसूळ नमुने पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. आत अळंबी, ठशाची फॉइल, मूळ चिठ्ठी. चिकटपट्टी, रबरबँड, स्टेपल नकोत: काही वर्षांत एक पिवळी पडते, दुसरं वितळतं, तिसरं गंजतं. लेबल पाकिटाच्या दर्शनी घडीवर: शास्त्रीय नाव (किंवा ठरलं तिथपर्यंत, नुसता वंशही चालतो), देश ते गाव असं ठिकाण, अक्षांश-रेखांश आणि त्रुटी, उंची, अधिवास आणि यजमान झाड, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि क्रमांक, ओळखणाऱ्याचं नाव आणि वर्ष. तारखेत महिना अक्षरांत लिहा. नुसत्या आकड्यांत ०५/०७ म्हणजे मे की जुलै, हे पुढचा माणूस सांगू शकत नाही. ताज्या अळंबीचं वर्णन वेगळ्या कागदावर पाकिटातच घाला आणि फोटोंच्या फाइलींना संकलन क्रमांकाचंच नाव द्या. लेबलचे रकाने सुरुवातीपासून स्प्रेडशीटमध्ये, डार्विन कोअरच्या (जैवविविधतेच्या नोंदींचा आंतरराष्ट्रीय साचा) पद्धतीने भरले तर संस्थेला ते जागतिक विदागारात थेट चढवता येतात. साठवणीची खोली १८ ते २० अंश आणि ५० टक्क्यांखालील आर्द्रता अशी हवी. आर्द्रता बराच काळ ६० च्या वर राहिली की बुरशीला वाव मिळतो.

संस्थेकडे देण्याआधी निदान एकदा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून पाहा. कल्ल्याचा कणभर तुकडा ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये भिजवला तर पेशी पुन्हा फुगतात. बीजाणू तेलभिंगाखाली किमान वीस मोजा, ठशातले. मेल्झरच्या आयोडीनयुक्त द्रावणात ते निळे-काळे होतात, लालसर तपकिरी होतात की तसेच राहतात ते लिहा. हायड्रॉक्साइडमधला तुकडा धुतल्याशिवाय मेल्झरमध्ये घालू नका, द्रावण गढूळ होतं आणि काही दिसत नाही. तुकडा घेताना नमुन्याची सर्वांत सुंदर अळंबी न मोडता मोडकी निवडा.

नमुना कुणाला द्यायचा? खासगी कपाटातला संग्रह शास्त्राच्या उपयोगी पडत नाही, कारण दुसऱ्याला तो मागवून तपासता येत नाही. वनस्पती आणि कवकांच्या संग्रहांच्या जागतिक सूचीत सांकेतिक अक्षरं असलेल्या, नमुने उसने देणाऱ्या संस्थेशी आधी पत्रव्यवहार करा, त्यांच्या पाकिटाचं माप आणि लेबलाचा साचा मागवा, मग पाठवा. जात नवी निघाली तर नाव प्रसिद्ध करताना आधारनमुना कोणत्या संग्रहात आहे ते सांगावंच लागतं, आणि १ जानेवारी २०१३ पासून मायकोबँक किंवा इंडेक्स फंगोरमसारख्या मान्य नोंदणीस्थळाचा ओळखक्रमांक दिल्याशिवाय नवं कवकनाम वैध धरलं जात नाही. साहित्य पुरेसं असेल तर एकाच संकलनाचे दोन भाग करून दुसरा दुसऱ्या संस्थेत ठेवा, दोन्हींवर तोच क्रमांक. एका ठिकाणी आग लागली किंवा पूर आला तरी दुसरा वाचतो.

आणि पुढे कुणी तुमची ओळख चुकीची ठरवली, तर जुनं लेबल खोडायचं किंवा बदलायचं नाही. नवं नाव, ओळखणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहिलेली वेगळी चिठ्ठी पाकिटावर चिकटवायची. ज्या शोधनिबंधाने जुन्या नावाने हा नमुना उद्धृत केला असेल, त्याचा वाचक या दोन्ही चिठ्ठ्या पाहूनच पाकिटापर्यंत पोचतो.